मेंदूच्या एमआरआय संशोधनाची टीम सांभाळताना

ब्रेन इमेजिंगचा डेटा बहुतेक वेळा कन्सोलवर (स्कॅनर चालवण्याच्या संगणकावर) बिघडतो आणि विश्लेषणात, कित्येक महिन्यांनी, उघडा पडतो. म्हणून कन्सोलवर बसणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला पहिल्याच दिवशी लेखी अधिकार द्या: शंका आली की स्कॅन थांबवायचा, कुणालाही न विचारता. चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतो. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक) खोलीत लोखंडी सिलिंडर नेला तर तो थेट आत खेचला जातो. पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेली क्लिप, डोळ्यातला धातूचा कण यांची विचारपूस प्रत्येक भेटीत नव्याने करावी. जुन्या फॉर्मवर विसंबू नये.

६० मिनिटांच्या स्कॅनसाठी ९० मिनिटांचा स्लॉट ठेवा. हा वेळ कापला की डोक्याभोवतीच्या उशा घाईत बसवल्या जातात आणि हालचाल वाढते. हालचालीची मर्यादा, उदाहरणार्थ सलग दोन व्हॉल्यूममध्ये (व्हॉल्यूम म्हणजे संपूर्ण मेंदूची एक त्रिमितीय प्रतिमा) ०.५ मिमी, अभ्यासाआधीच ठरवा; निकाल बघून ठरवली तर तिला अर्थ उरत नाही.

दर आठवड्याला तोच फँटम (माणसाऐवजी ठेवायची चाचणीची वस्तू), त्याच कॉइलने (सिग्नल टिपणाऱ्या अँटेनाने), त्याच सिक्वेन्सने (स्कॅनच्या ठरलेल्या क्रमाने) स्कॅन करून सिग्नल-नॉइज गुणोत्तराचा, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांच्या प्रमाणाचा, आलेख ठेवा. आकडा एकदम घसरला तर कॉइलचा एखादा एलिमेंट गेलेला असू शकतो. कच्च्या डेटात स्पाइक (अचानक उसळणारे खोटे सिग्नल) दिसले तर खोलीतला सैल स्क्रू किंवा खराब बल्बही तपासा. अभ्यास मध्यावर असताना सॉफ्टवेअर अपग्रेड शक्यतो पुढे ढकला. टळत नसेल तर आधी आणि नंतर त्याच स्वयंसेवकांचे स्कॅन घ्या, नाहीतर मशीनमधला बदल मेंदूतला बदल म्हणून मोजला जाईल.

पायलट स्कॅन दोन-तीन तरी हवेत, आणि त्यांचा डेटा विश्लेषणाच्या शेवटच्या पायरीपर्यंत न्यायला हवा. ट्रिगर (स्कॅन सुरू झाल्याचा स्कॅनरचा इशारा) चुकलाय, सहभागी व्यक्तीला दाखवलेली चित्रं आणि व्हॉल्यूम यांच्या वेळा जुळत नाहीत, हे तिथेच कळतं. उजव्या कानशिलाजवळ व्हिटॅमिन ई कॅप्सूल चिकटवली की डावं-उजवं उलटलेलंही लगेच दिसतं. स्कॅनरमधून आलेल्या मूळ डायकॉम फाइल्सना हात लावू नका. निफ्टीत (विश्लेषणासाठीच्या फाइल-प्रकारात) रूपांतर आणि बिड्स (फाइल्सची नावं व फोल्डर यांची प्रमाणित पद्धत) मांडणी त्याच दिवशी करा.

सहभागी व्यक्ती बाहेर येताच विचारते, "सगळं ठीक दिसलं ना?" टेक्नॉलॉजिस्टला या प्रश्नापुढे एकटं सोडू नका. ठरलेलं उत्तर आणि संशयास्पद प्रतिमा ज्यांच्याकडे पाठवायची त्या रेडिओलॉजिस्टचं नाव त्यांच्या हाताशी असावं. सिक्वेन्स बसवणारे, विश्लेषणाची पाइपलाइन लिहिणारे यांना लेखकयादीत कुठे स्थान मिळेल, तेही पहिल्या स्कॅनच्या आधीच ठरवून लिहून ठेवा.