शीत-कडीच्या ताटाचा हिशेब: प्रथिने, स्निग्ध आणि कर्बोदके कशी जुळवावीत

गोव्यातल्या घरी जेवण म्हणजे शीत (भात) आणि त्यावर हुमण (वाटलेल्या नारळातली माशांची कडी). बाकी सगळे त्याच्या आजूबाजूला. या ताटातला कुठलाच पदार्थ वाईट नाही, बिघडते ते प्रमाण. शिताचा ढीग, बांगड्याचा एखादा तुकडा, नारळाचे दाट वाटप आणि कोपऱ्यात दोन चमचे भाजी असे ताट दिवसातून दोनदा झाले की प्रथिने कमी पडतात, कर्बोदके हवी त्याहून जास्त होतात आणि स्निग्ध कुठून किती आले याचा पत्ताच लागत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात देशात सर्वांत जास्त, २६.४ टक्के, आढळले. त्याला एकटे शीत जबाबदार नाही, पण ताटाकडे नीट पाहायला एवढे कारण पुरे.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: ताट भरण्याचा क्रम उलटा करा. आधी प्रथिने ठरवा, मग नारळ आणि तेल एकाच खात्यात मोजा, आणि शीत शेवटी, उरलेल्या हिशेबात वाढा.

आपला आकडा काढणे

प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धाच्या एका ग्रॅमला ९. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला १,६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला २,११० कॅलरी लागतात. शेतात, बोटीवर किंवा बांधकामावर राबणाऱ्याला यापेक्षा बऱ्याच जास्त.

प्रथिने वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात असे त्याच शिफारशी सांगतात, पण ते दर्जेदार प्रथिनांसाठी. ज्यांचे जेवण मुख्यतः भात आणि डाळीवर चालते त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरावा. साठीपुढच्या माणसांनीही तोच आकडा धरलेला बरा, कारण या वयात स्नायू झिजतात आणि भूक मात्र कमी होते.

६० किलोच्या, बेताचे चालणे-फिरणे असलेल्या माणसासाठी रोजच्या १,७५० कॅलरी धरू. प्रथिने ६५ ग्रॅम, म्हणजे २६० कॅलरी. स्निग्ध एकूण कॅलरींच्या २८ टक्के, म्हणजे ४९० कॅलरी. भागिले ९, सुमारे ५४ ग्रॅम. उरल्या १,००० कॅलरी. भागिले ४, कर्बोदके २५० ग्रॅम. तुमचे वजन आणि कॅलरी घालून हेच गणित करा. उत्तर दहा-पंधरा ग्रॅमने इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही.

मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, १५० मिलीची वाटी आणि ५ मिलीचा चमचा एवढेच लागते. फक्त तीन दिवस मोजा, त्यातला एक दिवस शिवराक (शाकाहारी) असू द्या. तांदूळ आणि कडधान्ये शिजवण्याआधी तोला. इथेच सर्वांत मोठी चूक होते: १०० ग्रॅम तांदळाचे शीत अडीचशे ते तीनशे ग्रॅम भरते, आणि शिजलेल्या शिताला कच्च्या तांदळाचा आकडा लावला की हिशेब जवळजवळ तिपटीने चुकतो.

आधी प्रथिने

दिवसाची प्रथिने तीन जेवणांत विभागा, प्रत्येक वेळी १८ ते २२ ग्रॅम. सकाळी चहा-पाव आणि रात्री मोठा बेत असे केले तर आकडा जुळतो, पण अकरा वाजता पोटात कावळे ओरडतात आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो.

बाजारातला १५० ग्रॅमचा बांगडा साफ केल्यावर, डोके आणि काटे सोडून, ८०–९० ग्रॅम मांस देतो. त्यात साधारण १६ ग्रॅम प्रथिने. तारले आणि पेडवे हे लहान मासे याच तोलाचे, शिवाय बांगड्याप्रमाणेच ओमेगा-३ देणारे. स्वस्त म्हणून त्यांना इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) कमी लेखू नका. इसवणाच्या एका बेताच्या कापात १२–१३ ग्रॅम. सुंगटां (कोळंबी) आणि तिसऱ्या (शिंपल्या) कवचासकट तोलू नका, कवच काढल्यावर जे उरते तेच खरे. एका अंड्यात ६ ग्रॅम, १५० ग्रॅम दह्यात ५, कोरड्या ४० ग्रॅम मुगात किंवा आळसांद्यांत (चवळीत) साडेनऊ.

नुस्ते (मासे) तळताना रव्याचे आवरण तेल शोषून घेते. चार तुकड्यांना तव्यावर दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली तेल पुरते. तवा नीट तापू द्या आणि तुकडा एकदाच उलटा. थंड तव्यावर टाकलेला तुकडा तेल पितो आणि चिकटतोही. रोज तळण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तळावे आणि बाकी दिवस हुमण, आंबट-तीख किंवा सुके करावे.

नारळ: इथे खरा घोळ

नारळ भाजीत पडतो म्हणून तो भाजीत मोजला जातो. तो तेलाच्या खात्यात मोजायला हवा. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५ ग्रॅम स्निग्ध आहे आणि त्यातले बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड), दर १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या आसपास. संपृक्त स्निग्ध एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांखाली ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १,७५० कॅलरींना ते १९ ग्रॅम होते. म्हणजे एका माणसाने दिवसात ६० ग्रॅम खोबरे खाल्ले की दूध, अंडी, तूप यांना जागाच उरत नाही.

चार माणसांच्या घराचे गणित असे. मध्यम नारळाच्या एका कवडीतून (अर्ध्या भागातून) सव्वाशे ते दीडशे ग्रॅम खोबरे निघते. दुपारच्या हुमणाला एक कवड, रात्रीच्या तोंडाकाला (कडधान्याच्या नारळातल्या आमटीला) दुसरी, भाजीवर मूठभर आणि वर सोलकढी, एवढे झाले की माणशी ७० ग्रॅमच्या पुढे गेलो. आमचा सल्ला: चार माणसांना दिवसाला एक कवड. दुपारच्या वाटपाला तिच्यातले १०० ग्रॅम, रात्रीला ४० ग्रॅम. सोलकढी करायची त्या दिवशी रात्रीचा पदार्थ बिनखोबऱ्याचा. फोडणीला माणशी दिवसाला दोन ते तीन लहान चमचे तेल. प्रत्येक चमच्यात साडेचार ग्रॅम स्निग्ध. नारळ आहेच, तर फोडणीचे तेल शेंगदाण्याचे किंवा दुसरे एखादे घ्या. खोबरेल त्यावर आणखी नको.

खोबरे कमी केले की हुमण पाणचट होते आणि घरातली माणसे तक्रार करतात. ती रास्त आहे. उपाय वाटपातच आहे: चमचाभर तांदूळ अर्धा तास भिजवून मसाल्याबरोबर वाटा, धणे थोडे वाढवा, अर्धा कांदा भाजून घाला. तोंडाक असेल तर शिजलेले आळसांदे पळीभर काढून वाटून परत सोडा. रस दाट होतो आणि प्रथिनेही तिथेच राहतात. वाटप गाळू नका. गाळलेल्या नारळाच्या दुधात स्निग्ध उतरते आणि चोथ्याबरोबर तंतू फेकले जातात. दूध काढूनच पदार्थ करायचा असेल तर ते शेवटी घाला आणि मंद आचेवर ठेवा, खळखळून उकळले की फुटते.

काजूही याच खात्यात. दहा काजू म्हणजे साधारण १५ ग्रॅम, त्यात ७ ग्रॅम स्निग्ध आणि ३ ग्रॅम प्रथिने. दहा मोजून वाटीत घ्या आणि डबा बंद करा.

शीत, पोई, पेज

कच्च्या १०० ग्रॅम तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके आणि जेमतेम ८ ग्रॅम प्रथिने. दुपारी ७५ आणि रात्री ७५ ग्रॅम तांदूळ ही वर काढलेल्या हिशेबातली मर्यादा. उकडे तांदूळ सुरयेपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) बरे, कारण उकडताना कोंड्यातली ब गटातली काही जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात. पण उकडे आहेत म्हणून दुप्पट वाढून घेण्यात अर्थ नाही, कर्बोदके तेवढीच आहेत.

पोदेराची (पाववाल्याची) पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, ६०–८० ग्रॅमची असते. काट्यावर ठेवून पाहा. ७० ग्रॅमच्या पोईत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके आणि ६ ग्रॅम प्रथिने. हॉटेलातली वाटाण्याची किंवा चण्याची पातळ भाजी आणि एक पोई हा नाश्ता म्हणून चांगलाच आहे. बटाट्याची सुकी भाजी, दोन पाव आणि वर एक बन (केळ्याची गोड पुरी) घेतला तर ती कर्बोदकांवर कर्बोदके, आणि बन तळलेला.

पेज पोट भरते आणि दोन तासांत उतरते. ४० ग्रॅम तांदळाच्या पेजेत प्रथिने तीन ग्रॅमच. तिच्याबरोबर उकडलेले अंडे किंवा वाटीभर उसळ घ्या. खारा बांगडा घ्यायचा तर आधी अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी फेका, आणि तुकडा लहान घ्या. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचे आहे. नाचणी चांगली, पण प्रथिनांसाठी नव्हे. तिच्यात तांदळाइतकीच प्रथिने आहेत. तिचे बळ कॅल्शियम आणि तंतूंत. तिजान (नाचणीची गोड पेज) करताना गूळ मोजून घाला. गूळ आणि साखर या हिशेबात एकच, दोन्ही मिळून दिवसाला २५ ग्रॅम.

शिवराक दिवस आणि पावसाळा

सोमवार, श्रावण, चवथीचे दिवस. शिवराक जेवण हलके असते असे आपण समजतो, आणि नेमके याच दिवशी ताट सर्वांत जास्त कलंडते. एक साधा शिवराक दिवस मोजू. दोन्ही वेळचे मिळून १५० ग्रॅम तांदूळ: १२ ग्रॅम प्रथिने. पातळ वरणात दिवसभरात माणशी ३० ग्रॅम तूरडाळ: साडेसहा. भाज्यांतून साडेचार, चहाच्या दुधातून चार. एकूण २७. हवी होती किमान ६०. कमी पडलेली भूक पातोळ्या, खीर आणि नेवऱ्या भरून काढतात.

दुरुस्ती अशी करा. सकाळी ४० ग्रॅम चण्याची उसळ आणि एक पोई, मिळून १५. दुपारी ४० ग्रॅम मुगांची मुगागाठी (मोडाच्या मुगांची नारळातली आमटी), साडेनऊ. रात्री ४० ग्रॅम आळसांद्यांचे तोंडाक, साडेनऊ, आणि २०० ग्रॅम दही, साडेसहा. तांदूळ १३० ग्रॅमवर आणा: १०. भाजी आणि चहाचे दूध ९. बेरीज ५९–६० होते.

तांदूळ कमी करायचे ते विसरू नका. ४० ग्रॅम कडधान्य स्वतःबरोबर २०–२२ ग्रॅम कर्बोदके आणते, म्हणून उसळ वाढवून शीत तेवढेच ठेवणाऱ्याचे वजन वाढते आणि दोष कडधान्याला लागतो. भात आणि कडधान्य एकत्र खाण्याला मात्र पक्के कारण आहे: प्रथिनांच्या घटकांपैकी तांदळात लायसीन कमी, कडधान्यात मेथिओनीन कमी, आणि एकाची उणीव दुसरे भरून काढते. मोड आल्याने मुगाची प्रथिने वाढत नाहीत. ४० ग्रॅम मूग फुगून दुपटीहून जड होतात, पण ते वजन पाण्याचे. मोडांचा फायदा पचनाला. पोट फुगत असेल तर कडधान्ये आठ ते दहा तास भिजवा, ते पाणी टाका, आणि दर आठवड्याला २० ग्रॅम एवढ्याच गतीने वाढवा.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात आणि ताजे नुस्ते महागते. त्या दिवसांत अंडी आणि आळसांदे हाच आधार. १५ ग्रॅम सुक्या सुंगटांच्या किसमुरीत (खोबरे घातलेल्या कोरड्या कोशिंबिरीत) आठ-नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात, पण खोबरे आणि मीठ दोन्ही बेताने. याच महिन्यांत तांबडी भाजी, तायखिळा (टाकळा), मशिंगाची (शेवग्याची) पाने, घोसाळी यांना ताटाचा एक तृतीयांश भाग द्या. तीन आकड्यांत त्या फारशा दिसत नाहीत, पण शीत कमी केल्यावर पोट त्यांनीच भरते.

एक जुळलेला दिवस

सकाळी उकडलेली दोन अंडी, एक पोई, एक चमचा साखर घातलेला चहा. दुपारी ७५ ग्रॅम तांदळाचे शीत, एक अख्खा बांगडा घातलेले हुमण, मोठी वाटी तांबडी भाजी, काकडी. चार वाजता एक केळे, दहा काजू, चहा. रात्री ७५ ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम आळसांद्यांचे तोंडाक, वाटीभर दही. नारळ आणि तेल वर सांगितलेल्या मापाने. बेरीज: प्रथिने ७१, स्निग्ध ५७, कर्बोदके सुमारे २३६ ग्रॅम, कॅलरी १,७४० च्या आसपास. संध्याकाळी फेणी होत असेल तर तीही लिहा: ६० मिलीत सुमारे १४० कॅलरी, आणि त्या या तिन्ही खात्यांत कुठेच दिसत नाहीत.

दोन आठवड्यांनी वजन आणि कंबर मोजा. वजन नको असताना वाढले तर पहिल्यांदा रात्रीचे तांदूळ १५ ग्रॅमने कमी करा. प्रथिनांना हात लावू नका. बद्धकोष्ठ झाले तर भाजी आणि पाणी कमी पडले आहे. दुपारनंतर गळून गेल्यासारखे वाटले तर सकाळच्या प्रथिनांत कमतरता शोधा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी शीत एकदम कमी करू नये, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बघून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःहून वाढवू नयेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांची गरज या आकड्यांहून जास्त असते, त्यांनी आपला हिशेब आहारतज्ज्ञाकडून वेगळा मांडून घ्यावा.