घरी बांधलेल्या लिनक्सची डागडुजी

सोर्सपासून (मूळ कोडपासून) लिनक्स स्वतः बांधायला शिकवणाऱ्या 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' पुस्तकाबरहुकूम जुन्या लॅपटॉपवर सिस्टिम उभी राहिली की छाती फुगते. मग लक्षात येतं, इथे ना ॲप्ट, ना पॅकमन, म्हणजे प्रोग्राम आपोआप बसवणारं-बदलणारं कुणी नाही. अपडेट करणार कोण? आपणच.

आधी वही घाला. माझी दोनशे पानी आहे. दर पॅकेजला एक पान: आवृत्ती, तारीख, कॉन्फिगरला (बांधणीआधीच्या तयारीच्या स्क्रिप्टला) दिलेले पर्याय. (फाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण मशीन बूटच झालं नाही तर वाचणार कुठून?)

पुस्तकाची नवी आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते. दरवेळी सगळं बदलायची हौस नको. पुस्तकवाल्यांच्या सुरक्षा-सूचना मात्र दर रविवारी चाळा. 2024 च्या मार्चअखेरीस एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला, तो 5.6.0 आणि 5.6.1 या ताज्या आवृत्त्यांत. मी वही उघडली: 5.4. वही मिटून झोपलो.

बदलायचंच ठरलं तर थेट मेक इन्स्टॉल (बांधलेलं सिस्टिममध्ये बसवणारी कमांड) करू नका. डेस्टडिर (कुठे बसवायचं तो पत्ता) देऊन आधी रिकाम्या फोल्डरमध्ये बसवा आणि कोणत्या फाइली येणार ते बघून घ्या. लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड) असेल तर नावातल्या 'एसओ'पुढचा आकडा पाहा. तोच असेल तर बहुतेक वेळा निभावतं. बदलला असेल तर जुनी फाइल जागेवर राहू द्या, एलडीडी कमांडने तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते शोधा, ती सगळी पॅकेजं नव्याने बांधा आणि मगच जुनी काढा.

हे मी उलट्या क्रमाने केलं होतं. ओपनएसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणीची लायब्ररी, 1.1 वरून 3 वर नेलं आणि टापटिपीच्या नादात जुनी लायब्ररी लगेच पुसली. वीगेट बंद, कर्ल बंद, म्हणजे डाउनलोडची दोन्ही साधनं गेली. सोर्सचं फोल्डर जागेसाठी आधीच रिकामं केलेलं. म्हणजे दुरुस्तीचा सोर्स उतरवायचा तर उतरवणारंच मेलेलं! शेवटी मुलीच्या फोनवर डाउनलोड करून पेनड्राइव्हने आणला. तिने त्यावर बरंच ऐकवलं.

आणखी एक: चालू लायब्ररीवर सीपी या कॉपीच्या कमांडने नवी फाइल लिहू नका, ती वापरणारे प्रोग्राम जागीच कोसळतात. इन्स्टॉल कमांड (मेक इन्स्टॉल नव्हे) वापरा.

कर्नल (सिस्टिमचा गाभा) खुशाल बदला, जुना ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या यादीत, ठेवून. कर्नलच्या हेडर फाइलींना मात्र हात लावू नका. ग्लिबसी, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम ज्यावर चालतात ती मूळ लायब्ररी, त्यांवर बांधलेलं असतं. आणि ग्लिबसी? चालत्या सिस्टिमवर मी ते बदलत नाही. त्यासाठी वेगळं पार्टिशन राखलंय. नव्या पुस्तकावरून तिथे पहिल्यापासून बांधतो, आणि ते बूट होईपर्यंत घरचं काम जुन्यावरच चालतं.