खान्देशातली जुनी व्यापारी वाट कशी हुडकायची

व्यापारी मार्ग म्हटलं की शाळेत रेशीम मार्ग, चीन आणि उंट एवढंच शिकवतात, त्यामुळे पोरांना वाटतं हे सगळं लांब कुठंतरी झालं. पण प्रकाशा, बहाळ, पाटणे ही आपली गावं त्याच जाळ्यात होती. मी सुट्टीच्या दिवशी गाडी काढून ह्या वाटा हुडकत फिरतो आणि बरेच जण विचारतात की भो तू शोधतो कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे रस्ता शोधायला जाऊच नका, मुक्काम शोधा. दोन हजार वर्षांपूर्वीची चाकोरी आता कुठं दिसणार, पण लदेणीचे म्हणजे पाठीवर माल वाहणारे बैल रात्री जिथं सोडायचे ती जागा सहसा बदलत नाही, कारण पाणी तिथंच, नदीचा उतार तिथंच, घाटाचा पायथा तिथंच. आणि माझं स्पष्ट मत आहे की माल वाटेनं पसरला पण विचार पसरले ते मुक्कामावर. दिवसभर माणूस बैलामागं चालतो, तेव्हा कोण कुणाशी बोलतंय, रात्री चार गावची माणसं एका शेकोटीला बसली की मग देवाच्या गोष्टी, औषधं, हिशोबाच्या पद्धती, सगळं निघतं.

आता मुक्काम किती अंतरावर धरायचा? इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं समुद्री व्यापाराचं एक टिपण आहे, पेरिप्लस म्हणतात त्याला. त्यात लिहिलंय की भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. मोबाईलवर नकाशा उघडा आणि भडोच ते पैठण सरळ रेघ मारा, साधारण ३५० किलोमीटर भरते आणि सटाण्याच्या आसपासून जाते. घाट, वळणं धरली की ४०० च्या वर, भागिले २०, म्हणजे दिवसाला २० किलोमीटरच्या आसपास. तर एक ठिकाण पक्कं सापडलं की त्याच्याभोवती २० किलोमीटरचा गोल काढायचा आणि त्या गोलावर नदीचा उतार, जुनी पेठ, बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, लेणी काय काय येतं ते बघायचं. ही माझी सगळ्यात कामाला आलेली युक्ती.

दुसरी वाट उत्तर-दक्षिण, पैठणहून माहिष्मती म्हणजे महेश्वर, तिथून उज्जैन, विदिशा आणि थेट श्रावस्तीपर्यंत. जुन्या पाली ग्रंथात बावरी नावाच्या गुरूचे शिष्य बुद्धाला भेटायला ह्याच क्रमानं गेल्याचं सांगितलंय. नकाशा बघा, पैठणहून महेश्वरला जायचं तर अजिंठ्याचा डोंगर उतरून, तापी ओलांडून, सातपुडा चढावा लागतो, म्हणजे मधला सगळा खान्देश आला.

मग लेणी बघायला निघा, पण कोरीवकाम बघून परत येऊ नका, दान कुणी दिलं ते बघा. पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांना मी चारदा गेलोय. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून जायचं, मग पायऱ्यांनी खाली दरीत उतरायचं, खाली जोत्यावर हत्ती कोरलेले आहेत आणि डोंगराचं पाणी वाहून जायला नागाच्या फणीतून वाट काढलीय. तिथल्या लेखांमध्ये पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या घराण्याचं दान आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. राजवैद्याच्या घरच्यांचंही आहे. तिथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर कान्हदास नावाच्या सोनारानं मी हे घडवलं असं कोरून ठेवलंय, तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अत्तरवाला, वैद्य, सोनार, हे लोक उगाच दरीत येऊन पैसे घालत नाहीत, ही त्यांची रोजची वाट होती. आणि पावसाळ्यात भिक्खू एका जागी वर्षावासाला थांबायचे, बैलांचे तांडेही चिखलात अडकायचे, म्हणजे ऐकणारा आणि सांगणारा दोघं महिनोन्‌महिने एकमेकांजवळ.

पैसा कसा फिरायचा ते बघायचं तर नाशिकची पांडवलेणी. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात यानं विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव म्हणून ठेवले. त्यातले २००० महिना शेकडा १ नं, म्हणजे वर्षाला २४० व्याज, त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ चं चीवर म्हणजे अंगावरचं वस्त्र. विणकरांना भांडवल मिळालं, भिक्खूंना कापड मिळालं आणि मुद्दल तसंच राहिलं. मी पहिल्यांदा हा हिशोब वहीत मांडला तेव्हा अंगावर काटा आला.

पण माझा जीव अडकलाय तो पाटण्यात. पाटणादेवीच्या देवळात १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. वरचा भाग संस्कृत, पण शेवटी जुनी मराठी सुरू होते आणि तिथं बाजार उघडतो! पाटण्यात जे केणे म्हणजे जो माल उघडला जाईल त्यातला राजाचा वाटा मठाला, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, घाण्यामागं पळी पळी तेल. पोफळ खान्देशात पिकत नाही भो, ते समुद्राकडनंच आलेलं. आणि तिथंच दाम हा शब्द आहे, तो ग्रीकांच्या द्राख्मपासून द्रम्म, द्रम्मचा दाम असा आलाय. बाजारातल्या सुपारी आणि तेलावर गणिताची शाळा चालली, आपल्या चाळीसगाव तालुक्यात.

नदीकाठची गावंही करा. प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर १९५४-५५ ला उत्खनन झालं, गिरणेवर बहाळला त्याच्या आधी १९५२-५३ ला. दोन्हीकडं ती काळी चकचकीत भांडी मिळाली जी मूळ गंगेच्या खोऱ्यातली. पांढरीच्या म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावर खापरं दिसतील, फोटो काढा, शेजारी पेन ठेवा म्हणजे माप कळतं, आणि जिथल्या तिथं ठेवा. खापर उचललं की त्याची जागा गेली आणि जागा गेली की माहिती गेली. नाणी किंवा धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, १८७८ पासून तसा कायदा आहे.

नंतरच्या काळासाठी सुरत-बऱ्हाणपूर रस्ता पकडा, नवापूर, नंदुरबार ह्या अंगानं. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या तिथून गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं लिहून गेला.

घरी आल्यावर ताट बघा. भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेतली, रावेर-यावलची केळी मूळची आग्नेय आशियाकडची, आणि शेवभाजीची मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या जहाजातून सोळाव्या शतकात आलेली.

निघायचं कधी? दिवाळीनंतर. पितळखोऱ्याच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात आणि उन्हाळ्यात दरी भट्टीसारखी तापते. पाणी बरोबर घ्या, लेख वाचायला टॉर्च घ्या आणि उजेड समोरून न मारता बाजूनं मारा, तेव्हाच अक्षरांच्या खाचा दिसतात. वाटेत बंजाऱ्यांचा तांडा लागला तर म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, त्यांच्या आजा-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य कुठल्या घाटानं आणलं ते विचारा, आणि ते जी नावं सांगतील ती त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या.