ब्रिटनमध्ये मास्टर्स करताना: निबंधवजा पेपर

जानेवारीच्या परीक्षांचा निकाल लागला की नवीन आलेल्या मुलांची एकच तक्रार ऐकू येते: "एवढं भरभरून लिहिलं, तरी 52!" त्यात रडण्यासारखं काही नाही. मास्टर्सला साधारण 50 ला पास, 60 ला मेरिट आणि 70 ला डिस्टिंक्शन. हा हिशेब घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

खरी गडबड त्या 'भरभरून'मध्ये आहे. समजा प्रश्न आला, 1991 च्या भारतातल्या आर्थिक सुधारणांना परकीय चलनाचं संकट कितपत कारणीभूत होतं? आपली मुलं पंचवार्षिक योजनांपासून सुरुवात करतात. मग लायसन्स राज, गहाण टाकलेलं सोनं, मनमोहन सिंगांचं बजेट, सगळं क्रमवार आणि मथळ्यांखाली पट्टीने रेघा मारून. परीक्षकाला हवं असतं 'कितपत'चं उत्तर. ते पहिल्याच परिच्छेदात देऊन टाका: संकटामुळे सुधारणांची वेळ ठरली, पण त्यांची दिशा ऐंशीच्या दशकातच दिसू लागली होती. पुढचा प्रत्येक परिच्छेद या विधानाला धरून हवा. त्याच्या विरोधातलंही लिहा. संकट नसतं तर नरसिंह रावांच्या अल्पमतातल्या सरकारला हे रेटता आलं असतं का? तुमचं मत सरांच्या मताविरुद्ध गेलं तरी चालतं, त्याला आधार हवा. संदर्भ म्हणून लेखकाचं आडनाव आणि साल बहुतेक ठिकाणी पुरतं.

उत्तरावर 'अ बिट डिस्क्रिप्टिव्ह' (जरासं वर्णनात्मक, म्हणजे नुसती माहिती, युक्तिवाद कमी) असा शेरा आला तर सावध व्हा. इथला माणूस 'जरासं' म्हणतो तेव्हा ते जरासं नसतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: तिसरा प्रश्न सोडणं. तीन तास, तीन प्रश्न, सारखे गुण. पहिल्या दोनांत 65-65 आणि तिसरा कोरा, तर सरासरी 43, म्हणजे नापास. तिन्हींत जेमतेम 55 मिळवणारा आरामात पास. हुशार मुलंच यात अडकतात, कारण आवडता प्रश्न अर्धा टाकून पुढे जायला त्यांचं मन होत नाही. तास झाला की वाक्य अर्धं असलं तरी थांबा आणि पुढच्या प्रश्नाला लागा. 65 चे 70 करायला घाम फुटतो. कोऱ्या पानावर वीस मिनिटांत मुद्देसूद लिहिलं तरी बरेच गुण पदरात पडतात. तासातली पहिली दहा मिनिटं आराखड्याला द्या. ती वाया जात नाहीत.

सीनियरच्या 'तयार उत्तरां'च्या फायली ग्रुपवर फिरतात. ती पाठ करून गेलेल्यांची उत्तरं एकाच साच्यातली निघतात आणि विचारलेल्या प्रश्नाला लागू पडत नाहीत. त्यापेक्षा लायब्ररीच्या साइटवरून जुने पेपर काढा आणि घड्याळ लावून सोडवा. परीक्षा कागदावर असेल तर पेनानेच. लॅपटॉपची सवय झालेला हात तासाभरात दुखायला लागतो.

तापाने फणफणत पेपर दिला याचं आपल्याकडे कौतुक होतं. इथे तसं करू नका. बऱ्याच विद्यापीठांत पेपरला बसलात म्हणजे तब्येत ठीक होती असंच धरतात, मग नंतर सांगून उपयोग होत नाही. न बसता मुदतीत 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस'चा, म्हणजे आजारपणासारखी अडचण विचारात घ्या असा अर्ज करा, सोबत पुरावा जोडा. डिस्लेक्सियासारखी कायमची अडचण असेल तर जादा वेळ मिळू शकतो, पण त्याचा अर्ज परीक्षेच्या तोंडावर नाही, आल्या आल्या करायचा.