रिले लागला की तापमान चढतं? रेफरन्स बाहेरून द्या

काजूचा रस आंबत ठेवलेल्या पिंपात टीएमपी३६ हा तापमानाचा सेन्सर सोडलाय, वायर आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला आलीय. पंख्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) लागतो आणि त्याच क्षणी रस ४ अंशांनी तापल्याचं दिसतं. रस तापलेला नसतो, बोर्डाचे ५ व्होल्ट खाली बसलेले असतात.

उनोचा एडीसी, म्हणजे सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा (काउंट, ० ते १०२३) करणारा भाग, रेफरन्स नावाच्या ठरलेल्या व्होल्टेजशी तुलना करून मोजतो, आणि वेगळं सांगितलं नाही तर बोर्डाचा सप्लाय हाच त्याचा रेफरन्स. ३० अंशांना टीएमपी३६ ८०० मिलिव्होल्ट देतो. सप्लाय ५ व्होल्ट असेल तर काउंट १६३, पण ४.७५ झाला की १७२. प्रोग्राम ५ धरूनच हिशेब करतो आणि ३४ अंश दाखवतो. एलएम३५ या दुसऱ्या तापमान सेन्सरला हीच घसरण दीडेक अंशाने फसवते, कारण टीएमपी३६सारखे ५०० मिलिव्होल्ट त्याच्यात आधीच मिळवलेले नसतात. पावसाळ्यात लाईट गेली की बोर्ड चार्जरवरून पॉवर बँकेवर जातो, तेव्हाही आकडा असाच हलतो.

उपाय म्हणजे एलएम४०४०, स्थिर व्होल्टेज देणारा छोटा आयसी, २.५ व्होल्टचा, शक्यतो ए ग्रेड (०.१ टक्का). डी ग्रेड १ टक्क्याचा असतो. ३० अंशांना तेवढ्यानेच ०.८ अंशांची चूक होऊ शकते. बोर्डाच्या ५ व्होल्टपासून १ किलोओमचा रेझिस्टर एलएम४०४०च्या कॅथोडला, कॅथोड एरेफ पिनला (उनोची बाहेरचा रेफरन्स घेणारी पिन), ॲनोड ग्राउंडला. रेझिस्टरमधून सुमारे २.५ मिलिअँपिअर जातात. एरेफ पिन त्यातले जेमतेम ०.०८ घेते, म्हणून सप्लाय हलला तरी २.५ जागचा हलत नाही. सेन्सरच्या सप्लाय आणि ग्राउंड पायांमध्ये, अगदी पायांशी, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.

क्रम चुकवू नका. आधी प्रोग्राम चढवा, ज्यात पहिल्या ॲनालॉग रीडच्या आधी ॲनालॉग रेफरन्स ‘एक्स्टर्नल’ केलेला आहे. एरेफची वायर त्यानंतर. डीफॉल्टवर रीड झाला तर चिपच्या आतून ५ व्होल्ट थेट एरेफवर येतात आणि बाहेरच्या २.५शी भिडतात. यापासून वाचायला काहीजण एरेफच्या वाटेत ५ किलोओम घालतात. ते टाळा: चिपच्या आत एरेफला ३२ किलोओम आहेत, त्यामुळे २.५चे २.१६ व्होल्ट होतात.

आता मीटरने एरेफ तपासा. ०.७च्या आसपास दिसलं तर एलएम४०४० उलटा लागलाय, ५ दिसलं तर तो सर्किटमध्येच नाही. २.५ दिसलं की मीटर बाजूला ठेवा. मीटरवर २.४९ दिसलं म्हणून प्रोग्राममधले २५०० बदलायचा मोह होतो, पण साधा मीटर ०.५ टक्के चुकतो आणि ए ग्रेडचा रेफरन्स त्याच्यापेक्षा खरा असतो.

हिशेब असा: काउंट गुणिले २५००, भागिले १०२४, उणे ५००, भागिले १०. एक काउंट आता पाव अंशाचा आहे, आधी अर्ध्या अंशाचा होता. सुरुवातीचे दोन-तीन रीड टाकून द्या, मग १६ची सरासरी घ्या.

एलएम४०४० मिळाला नाही तर टीएल४३१ हा तसाच रेफरन्स आयसी चालतो. बंद पडलेल्या एसएमपीएसमध्ये (चार्जर, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) ऑप्टोकप्लरच्या शेजारी तो बहुधा सापडतोच. रेफरन्सचा पाय कॅथोडला जोडला की २.४९५ व्होल्ट मिळतात. मात्र उनोच्या एरेफवर आधीच असलेल्या १०० नॅनोफॅरडमुळे तो ऑसिलेट होऊ शकतो, म्हणजे त्याचं व्होल्टेज सतत वर-खाली हलू शकतं. जोडीला १० मायक्रोफॅरड लावा.

रेफरन्स बसवूनही पंख्याबरोबर आकडा हलत असेल तर ग्राउंड बघा. सेन्सर आणि रिले एकाच ग्राउंड वायरवर असतील, तर ०.१ ओमच्या वायरमधून १०० मिलिअँपिअर गेले की १० मिलिव्होल्ट, म्हणजे पूर्ण १ अंश. सेन्सरची ग्राउंड वायर वेगळी, थेट बोर्डापर्यंत आणा. ब्रेडबोर्डवर हे काम कायमचं ठेवू नका. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत त्याच्या पट्ट्या गंजतात आणि तोच दोष सेन्सरच्या माथी मारला जातो. झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेला बोर्ड) सोल्डर करा, फ्लक्स पुसा, वर वॉर्निशचा हात द्या.

थर्मिस्टरला (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या सेन्सरला) मात्र हा खटाटोप नको. त्याचा डिव्हायडर (थर्मिस्टर आणि एका रेझिस्टरची जोडी) आणि एडीसी एकाच ५ व्होल्टवर असले की सप्लायची घसरण दोन्हीकडे सारखी लागते आणि गुणोत्तर तेच राहतं.

उरते ती सेन्सरची स्वतःची चूक, नेहमी मिळणाऱ्या जी ग्रेडच्या टीएमपी३६ला २५ अंशांना ३ अंशांपर्यंत. बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात कालवा, इपॉक्सी आणि श्रिंक ट्यूबने बंद केलेला सेन्सर त्यात १० मिनिटं बुडवून ढवळत राहा. काउंट २०५च्या आसपास हवा. तिथे जेवढे अंश फरक दिसेल तेवढे प्रोग्राममध्ये वजा करा आणि मगच सेन्सर पिंपात सोडा.