गर्भनिरोधक गोळ्या आणि इतर औषधे: या चुका टाळा

गर्भनिरोधक गोळी रोज ठरलेल्या वेळी घेणारी स्त्री सहसा निर्धास्त असते, आणि बहुतेक वेळा ते योग्यही असते. परंतु त्याच काळात दुसऱ्या एखाद्या आजारासाठी सुरू झालेले औषध गोळीतील संप्रेरकांची रक्तातील पातळी इतकी खाली आणू शकते की एकही गोळी न चुकवता गर्भ राहू शकतो. अशी औषधे मोजकीच आहेत. अडचण अशी, की ज्या औषधांची सर्वाधिक भीती बाळगली जाते ती बहुतांशी निरुपद्रवी असतात आणि जी खरोखर घातक ठरतात त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रत्येक अँटिबायोटिकला घाबरणे

अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन किंवा मेट्रोनिडाझोल यांसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिक औषधांमुळे गोळीचा परिणाम कमी होतो, हा समज फार जुना आहे. आतड्यातील जीवाणू गोळीतील इस्ट्रोजेन हे संप्रेरक पुन्हा शोषले जाण्यास हातभार लावतात, त्यामुळे ते जीवाणू मेले की संप्रेरकाची पातळी घसरेल, असा तर्क त्यामागे होता. प्रत्यक्ष मोजमापांत मात्र तशी घट दिसली नाही, आणि ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्थेने 2011 मध्ये अशा वेळी कंडोम वापरण्याची जुनी शिफारस मागे घेतली. खरे नुकसान या समजातून होते, कारण काही जणी ‘दोन्ही औषधे एकत्र नकोत’ म्हणून अँटिबायोटिक चालू असेपर्यंत गोळीच बंद ठेवतात आणि नसलेला धोका स्वतःच ओढवून घेतात.

यकृतावर परिणाम करणारी औषधे न ओळखणे

वरील नियमाला ठळक अपवाद रिफॅम्पिसिनचा आणि त्याच गटातील रिफाब्युटिन व रिफापेंटिन यांचा आहे. क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिन सहसा किमान काही महिने घ्यावे लागते. हे औषध यकृतातील विशिष्ट विकरांचे (एन्झाइम्सचे) प्रमाण वाढवते, आणि ती विकरे गोळीतील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन या संप्रेरकांचे विघटन नेहमीपेक्षा फार वेगाने करू लागतात. अपस्माराच्या औषधांपैकी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, प्रिमिडोन आणि ऑक्सकार्बाझेपिन याच पद्धतीने काम बिघडवतात. टोपिरामेटचा परिणाम दिवसाला 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेवर विशेष जाणवतो. यांतील काही औषधे अर्धशिशी किंवा चेहऱ्याच्या नसेच्या वेदनेसाठीही दिली जातात, त्यामुळे ‘मला फिट येत नाहीत, म्हणजे हे माझ्यासाठी नाही’ असे गृहीत धरू नये. एचआयव्हीवरील एफाव्हिरेन्झ, फुफ्फुसांतील उच्च रक्तदाबासाठीचे बोसेन्टन आणि अति झोपेवरील मोडाफिनिल ही नावेही या यादीत आहेत. नैराश्यावर ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती तर हमखास नजरेतून सुटते, कारण ती औषध आहे असेच अनेकांना वाटत नाही.

अपस्मारावरीलच सोडियम व्हाल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम ही औषधे गोळीचा परिणाम कमी करत नाहीत. तरीही व्हाल्प्रोएट गर्भाला गंभीर इजा करू शकत असल्याने ते घेणाऱ्या स्त्रीसाठी भरवशाचे गर्भनिरोधन अधिकच आवश्यक ठरते.

विकरे वाढवणारे औषध थांबले की धोकाही लगेच संपला, असे मानता येत नाही. वाढलेली विकरे पूर्वपदावर यायला वेळ लागतो. म्हणून औषधाची शेवटची मात्रा घेतल्यानंतर आणखी चार आठवडे कंडोमसारखी दुसरी खबरदारी चालू ठेवावी लागते.

पॅच किंवा रिंग लावून प्रश्न सुटला असे समजणे

पोटातून न जाणारे साधन या औषधांच्या तावडीतून सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण विघटन यकृतात, रक्तातील संप्रेरकांवर होते. त्यामुळे त्वचेवरील पॅच, योनीतील रिंग, दंडातील इम्प्लांट आणि केवळ प्रोजेस्टोजेन असलेली गोळी यांचाही परिणाम घटू शकतो. कॉपर-टी, गर्भाशयात बसवलेले संप्रेरकयुक्त साधन आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन यांवर मात्र परिणाम होत नाही, आणि दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारात डॉक्टर सहसा यांपैकीच एखादे सुचवतात. मनानेच रोज दोन गोळ्या घेणे, किंवा गोळी वाचवण्यासाठी क्षयरोगाचे वा अपस्माराचे औषध बंद करणे, हे दोन्ही मार्ग टाळावेत. दुसरा तर जिवावर बेतू शकतो.

परिणाम एकाच दिशेने होतो असे धरून चालणे

गोळीही इतर औषधांवर परिणाम करते. इस्ट्रोजेनयुक्त गोळीमुळे अपस्मारावरील लॅमोट्रिजिन या औषधाची रक्तातील पातळी सुमारे निम्म्यावर येऊ शकते आणि आटोक्यात असलेल्या फिट्स पुन्हा सुरू होऊ शकतात. गोळीच्या सुट्टीच्या आठवड्यात हीच पातळी वर जाऊन चक्कर किंवा दुहेरी दिसणे असा त्रास होतो. थायरॉइडच्या गोळीची मात्राही काही वेळा वाढवावी लागते.

उलटी आणि जुलाब किरकोळ मानणे

गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाल्यास ती पोटात राहिली नाही असे समजून लगेच दुसरी घ्यावी. तीव्र जुलाब चोवीस तासांहून अधिक टिकल्यास ते दिवस गोळ्या चुकल्याप्रमाणेच मोजावेत. वजन कमी करण्यासाठीच्या ऑर्लिस्टॅटमुळे असे जुलाब होऊ शकतात. मधुमेह व वजन कमी करण्यासाठीचे टिर्झेपाटाइडचे इंजेक्शन पोट रिकामे होण्याचा वेग कमी करून गोळीचे शोषण घटवते. त्यामुळे ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे कंडोमही वापरण्याचा सल्ला दिला जातो.

आधीच गफलत झाली असेल तर

पाकीट चालू असताना मध्येच रक्तस्राव किंवा डाग दिसू लागले, तर संप्रेरकांची पातळी घसरल्याची ती खूण असू शकते. डाग दिसले नाहीत म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही. संबंध होऊन पाच दिवसांच्या आत असाल तर तातडीने डॉक्टरांना भेटावे आणि कोणते औषध चालू आहे ते आधी सांगावे, कारण विकरे वाढवणारी औषधे तातडीच्या गोळीचाही परिणाम कमी करतात आणि अशा वेळी कॉपर-टी हा सर्वांत खात्रीचा पर्याय असतो. ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाला उत्तर देताना गर्भनिरोधक गोळीचे नाव अनेकींच्या तोंडी येतच नाही, म्हणून औषधांची पाकिटेच सोबत नेलेली बरी. पाच दिवस उलटून गेले असतील, तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तीन आठवड्यांनी लघवीची गर्भधारणा चाचणी करावी. त्याआधी आलेला नकारात्मक निकाल ग्राह्य धरू नये.