शेवटच्या आजारपणातली नैराश्याची गोळी: घरच्यांनी काय बघायचं

अंथरुणाला खिळलेले आजोबा बरळायला लागले की घरात ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपतो. तसं करू नका. आधी गोळ्यांची पिशवी ओता आणि नैराश्याची गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला ते बघा.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या नैराश्याच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, बहुधा पहिल्या महिन्यातच. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका जास्त. सुस्ती, मळमळ, तोल जाणं, मग भ्रम, क्वचित आकडी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम १३५ च्या खाली म्हणजे कमी. १२५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अशक्तपणा आला की आपल्याकडे शहाळं आणतात, पण इथे ते उलट पडतं. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं, आणि गोळीमुळे शरीर पाणी आधीच धरून ठेवतं. पेजेत मूठभर मीठ घालूनही ते भरून येत नाही. थोडेच दिवस उरले असतील तर रक्त तपासायला सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहे का?’

मिर्टाझापिन ही नैराश्याची दुसरी गोळी रात्री ७.५ मिलिग्रॅमपासून देतात. झोप आणि भूक सुधारते, पण गुंगी राहते. रात्री लघवीला उठवताना दोन मिनिटं खाटेच्या कडेला बसवा, मगच उभं करा. मागीलदारची ओली पायरी सर्वांत घातक.

अमिट्रिप्टिलिन या नैराश्याच्या जुन्या गोळीने तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही. सोबत मॉर्फिन असेल तर रेचक रोज हवंच. ओटीपोट टणक आणि माणूस बेचैन असेल तर लघवी तुंबलेली असू शकते.

नैराश्याच्या गोळीला ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी जोडल्यावर घाम, ताप, जुलाब, हातापायांना झटके आले तर लगेच फोन करा. दमट हवेत घाम कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून झटक्यांकडे बघा. सोबत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी चालू असताना डांबरासारखं काळं शौच झालं, म्हणजे पोटात रक्तस्राव असू शकतो, तरीही थांबू नका. (लोहाच्या गोळीनेही रंग काळा होतो, तेही सांगा.)

गोळी आपल्या मनाने एकदम तोडू नका. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन तोडल्यावर एक-दोन दिवसांत चक्कर, तगमग सुरू होते आणि ती मरणाची तगमग वाटते. व्हेन्लाफॅक्सिनची दिवसभर पुरणारी कॅप्सूल ठेचून देऊ नका, सगळा डोस एकदम उतरतो. गिळणं बंद होण्याआधीच, आणि पावसात साकव पाण्याखाली जाण्याआधी, कोणती गोळी किती दिवसांत कमी करायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.